ओळंबा : शाडूच्या एका गणपतीच्या कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी

काम : घरचा गणपती. शाडू, साचा न वापरता, मुकुटासकट १५ इंच.
मुदत : २६ ऑगस्ट, हरताळकेची संध्याकाळ.
जागा : कुडाळजवळचं आमचं गाव, काकांची गणपतीची शाळा. शाळा म्हणजे गोठ्याला लागून असलेली पत्र्याची पडवी.

नऊ वर्षं पुण्यात गेमसाठी पात्रं घडवते आहे, झेडब्रश या संगणकावरच्या शिल्पकामाच्या प्रोग्रॅमवर. तिथे सगळं जपलेलं असतं. बिघडलं की चाळीस पावलं मागे जाता येतं. मातीत तशी सोय नाही, म्हणून निदान लिहून ठेवते. दोन महिने बिनपगारी रजा. आईला यातलं 'बिनपगारी' एवढंच ऐकू आलं.

अट मीच मला घातली आहे : अंदाजाने करायचा नाही, शिल्पशास्त्रातल्या तालमानाने करायचा. काका भजनाला निघाले होते, पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी वर बघितलंही नाही. "मोजून गणपती झालो आसतो, तर शिंप्यान नसतो केलो?"

८ जुलै, मंगळवार

दिवसभर कागद. माती अजून पोत्यात.

ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा तळहातही तेवढाच. एका तालाची १२ अंगुळं, एका अंगुळाचे ८ यव. ब्रह्मा, विष्णू, शिव उत्तम दशतालात, म्हणजे १२४ अंगुळं. देवी मध्यम दशतालात, १२०. गणपती पंचताल, ६०. पोराच्या अंगलटीचा देव, डोकं मोठं, पाय आखूड.

हे अंगुळ आपल्या बोटाचं नव्हे, ते मूर्तीच्याच उंचीतून काढायचं. म्हणजे मूर्ती आपली पट्टी स्वतःबरोबर घेऊनच येते. हे वाचलं आणि खूप वेळ काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले. माझ्या कामात प्रत्येक पात्राला मीटरमध्ये उंची द्यावी लागते, नाहीतर ते गेममधल्या दारातून जात नाही.

अडचण एक : मापं उभ्या मूर्तीची, आमचा गणपती बसलेला. मग उभा काढला, २० इंच धरून. अंगुळ आलं ८.४७ मिलिमीटर. आता त्याला कागदावरच गुडघ्यात दुमडून बसवायचा.

अडचण दोन : ताल चेहऱ्यावरून मोजायचा, आणि या देवाला हनुवटीच नाही. सोंडेच्या मुळाशी चेहरा संपतो की सोंड हाही चेहराच? सोंड धरली तर ताल पोटापर्यंत जातो. सोंडेच्या मुळाशी थांबले. शास्त्रात याचं उत्तर असेलही. माझ्या हाती असलेल्या पानांत नव्हतं.

१२ जुलै, शनिवार

चार हातांत काय द्यायचं?

अथर्वशीर्ष लहानपणापासून पाठ आहे, पण ते मूर्तीचं वर्णन म्हणून आज पहिल्यांदा वाचलं. पाश, अंकुश, रद म्हणजे दात, आणि वरद हात. रंग लाल, वस्त्रं लाल, कान सुपासारखे, पोट लांब. त्या वर्णनात मोदक कुठेही नाही. आपण एकवीस आवर्तनं म्हणतो आणि समोर बसवतो तो मोदक धरलेला, अभय देणारा. काकांच्या पडवीतले सगळेच तसे. त्यांना विचारलं, तर म्हणाले की मोदक नसला तर पोरं रडतील.

मोदक ठेवला. खालचा उजवा हात मात्र अभय न करता वरद केला, बोटं खाली. निम्मं पाठ, निम्मं पोरांसाठी.

सोंड डावीकडे, मोदकावर. पूर्ण दात उजवा, मोडका डावा, कारण आमच्या घरात तसाच. म्हणजे समोरून पाहिलं तर याच्या शरीरात दोन्ही बाजूंना सारखं जवळजवळ काहीच नाही. दात वेगळे, हात वेगळे, एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला, सोंड एकीकडे वळलेली. झेडब्रशमध्ये मी पहिल्यांदा एक्स दाबते. मग डावा गाल ओढला की उजवा आपोआप ओढला जातो. नऊ वर्षांतलं माझं अर्धं काम त्या एका बटणाने केलेलं आहे. हा गणपती त्या बटणाच्या बाहेरचा.

कॉलेजातली घारापुरीची सहल आठवली. त्या तीन मुखांच्या सदाशिवासमोर सरांनी आम्हांला अर्धा तास नुसतं उभं केलं होतं, तेव्हा वैताग आला होता. त्याच्या उजव्या अंगाचं मुख उग्र, मिशांचं, हातात नाग. डाव्या अंगाचं बाईचं, हातात कमळ. मधलं डोळे मिटलेलं, दोन्हींकडे लक्ष नसलेलं. कुठलीच बाजू दुसरीसारखी नाही, तरी साडेपाच मीटरांचा तो दगड कुठेही कलला आहे असं वाटत नाही. कशामुळे ते तेव्हा विचारलं नाही.

१४ जुलै, सोमवार

शाडू भिजवली. काका भावनगरची मागवतात आणि त्यात गावच्या मळ्यातली चिकणमाती थोडी मिसळतात. माती मळून त्यात कापूस पिंजून घातला, तडे कमी जावेत म्हणून. दोन तास मळूनही काकांनी चिमूट घेतली आणि परत माझ्यापुढे टाकली. तिसऱ्यांदा पसंत.

तार नाही. आतली काडीसुद्धा बांबूची कामटी. पाण्यात जायचं ते सगळं पाण्यात जाणारंच हवं, यावर त्यांचा कटाक्ष आहे.

१९ जुलै, शनिवार

बैठक, पोट, मांड्या, पाठीला लोड. पोटाचा गोळा दोनदा पुढे आला. बसलेल्या गणपतीचं सगळं वजन पुढे असतं, म्हणून तो लोड शोभेचा नाही, तो खांब आहे. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. संगणकात पोट पडत नाही.

ब्रह्मसूत्र धरायला दोरा हवा होता. मूर्तीच्या मधोमध डोक्यापासून पायापर्यंत जाणारी उभी रेघ, तिच्यापासून सगळी अंतरं मोजायची. दोऱ्याला नट बांधला तर तो पंख्याने हलत राहिला. शेवटी शेजारी चौथरा बांधायला आलेल्या गवंड्याचा पितळी ओळंबा मागून आणला. पावसाने त्याचं काम बंदच आहे. म्हणाला, उघडीप झाली की लगेच द्या.

२४ जुलै, गुरुवार, दिव्याची अवस

आज उच्च न्यायालयाने पीओपीच्या सहा फुटांहून उंच मूर्ती समुद्रात सोडायला मुभा दिली, सहा फुटांपर्यंतच्या कृत्रिम तलावात. टीव्हीवर तेच. काका : "सा फुटांचो देव खयच्या माटवीखाली बसतलो?" माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळांनी सजवलेली लाकडी चौकट.

माझं काम : सोंड फाटली. कारण लिहून ठेवायला हवं. रात्री वळवत होते, कानात कसली तरी मुलाखत चालू, मधेच ऑफिसचा मेसेज, एका हाताने उत्तर. सोंडेचा जोड पातळ मातीच्या काल्याने नीट ओला केलाच नव्हता. केला असं मला वाटत होतं. सकाळी मुळाशी केसासारखी चीर, दुपारी बोट जाईल एवढी.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राजा आधी मालविकेचं चित्र पाहतो आणि मग तिला प्रत्यक्ष पाहतो. ती चित्राहून कितीतरी सुंदर. राजा म्हणत नाही की चित्रकाराला हात नव्हता. म्हणतो, ज्याने काढलं त्याची समाधी शिथिल झाली असावी. शब्दच तो आहे, शिथिलसमाधी. मला पूर्वी तो अलंकारिक वाटायचा. आता तो दोषांच्या यादीतला एक नेमका दोष वाटतो, ओल कमी, जोड कच्चा, यांच्या रांगेतला.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज कोरणीला हात लावायचा नाही. कापणं, चिरणं, खणणं बंद. हात शिवशिवत होते, पण इलाज नाही.

सकाळपासून पाट आले. आमच्याकडे गिऱ्हाईक मूर्ती निवडायला येत नाही; आपल्या घरचा पाट आणून देतं आणि त्या पाटावर त्याचा गणपती होतो. आज सतरा आले. काही पाट काळे पडलेले, कडा झिजलेल्या, एकाला खालून लोखंडी पट्टी. काका प्रत्येक पाट उलटा करून बघतात, खडूने खूण करतात आणि दोन गोष्टी विचारतात : घरातलं सगळं ठीक ना, आणि चौरंग किती उंच?

दुसऱ्या प्रश्नाचं मला कोडं होतं. संध्याकाळी उलगडलं. आखणी करताना, म्हणजे डोळे काढताना, बुबुळ कुठे बसवायचं ते चौरंगावर ठरतं. पूजेला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत देवाची नजर पडली पाहिजे. उंच चौरंगाला नजर खाली, बसक्याला समोर. एका घरात आजी आता खाली बसू शकत नाहीत, खुर्चीवर बसतात. तिथली नजर यंदा वर उचलायची. काका हे वहीत लिहीत नाहीत.

मी ६० अंगुळांचा तक्ता केला आहे. त्यात चौरंग नव्हता.

२ ऑगस्ट, शनिवार

सोंड नवी. तोंडावर चार दिवस. फोन घरात, दार बंद, दर अर्ध्या तासाला कंपास. डोळ्यांतलं अंतर, गंडस्थळाची रुंदी, कानाची उंची, सगळं अर्ध्या यवाच्या आत.

चेहरा मेला आहे.

दुसरा शब्द नाही. माप बरोबर, तकलादू काही नाही, आणि समोर बसलं की वाटतं, आत कुणी नाही. काका दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, "आता हात काड." हे ते सगळ्यांनाच म्हणतात, मातीत खेळणाऱ्या शेजारच्या पोरालासुद्धा. मी हात काढला नाही. आणखी दोन तास घासलं. त्यात जे थोडं बरं होतं तेही गेलं.

३ ऑगस्ट, रविवार

काम नाही. शुक्रनीती या जुन्या ग्रंथातली दोन वचनं आज एकापाठोपाठ वाचली. एक सांगतं, देवाची प्रतिमा लक्षणांत उणी असली तरी श्रेयस्कर. दुसरं त्याहून पुढे जातं : काढलेल्या, लेपाच्या, वाळूच्या, मातीच्या, पिठाच्या मूर्तीत लक्षणं कमी पडली तर दोषच नाही.

म्हणजे महिनाभर मी ज्या नियमांसाठी झुरते आहे, ते नियमच म्हणतात की तू मातीवाली, तुला माफ. आधी हसू आलं. मग जरा अपमान वाटला. कुंभाराच्या, शेतकऱ्याच्या घरात सकाळी माती मळून दुपारी पूजा करणाऱ्या माणसाला शास्त्राने अडवायचं नाही, म्हणून ते वचन असणार. पार्थिव पूजा मुळात तशीच, त्या दिवसापुरती. पण ही माफी कौशल्यालाही आहे का? काकांना विचारलं. "शास्त्रान माफ केलां, पाटवाल्यान केल्यान काय?"

५ ऑगस्ट, मंगळवार

आजची नोंद सविस्तर.

माझ्या मूर्तीत काय चुकतं ते कळेना, म्हणून काकांच्या मूर्ती मोजायला घेतल्या. फळीवर अकरा तयार होत्या, सगळ्या हाताच्या, सगळ्या डाव्या सोंडेच्या. प्रत्येकीच्या मस्तकाच्या मध्यावरून ओळंबा सोडला आणि तीन गोष्टी पाहिल्या : सोंडेचं मूळ, बेंबी, आणि ओळंब्याचं टोक पाटावर कुठे टेकतं.

अपेक्षा होती की काकांचं सगळं थोडं थोडं इकडेतिकडे असेल. पाटावर टोक अकराच्या अकरांत मध्यावर पडलं. फरक फार तर दोन मिलिमीटर. पण वर सोंडेचं मूळ एकातही दोऱ्यावर नाही. सगळीकडे ते मूर्तीच्या उजवीकडे सरकलेलं, चार ते सात मिलिमीटर. बेंबीही उजवीकडे, जरा कमी. आणि जिथे मोदकाचा हात मोठा, सोंड जास्त लांब, तिथे सरकणंही जास्त.

म्हणजे सोंड, मोदक आणि खाली सोडलेला पाय यांचं सगळं ओझं डावीकडे गेलं, की काका डोकं आणि धड नकळत उजवीकडे घेतात. किती घ्यायचं ते ओझ्यावर. मी मात्र सोंडेचं मूळ, बेंबी, सगळं दोऱ्यावर शिवून टाकलं होतं आणि मग डावीकडे सोंड लावली होती. एक्स न दाबताही माझ्या हाताने एक्सच दाबला होता. माझी मूर्ती मापाने सरळ आणि डोळ्याला डावीकडे ओढलेली. ती ओढ झाकायला मी चार दिवस चेहरा आवळत बसले.

शास्त्रात हे नाही असंही नाही. समभंगात, म्हणजे सरळ ठेवणीत, सूत्र मधून जातं. आभंग, त्रिभंगात, म्हणजे कमी-जास्त वळलेल्या ठेवणीत, अंग सूत्राला सोडून जातं, परत येतं, पुन्हा सोडतं. सूत्र कुठून किती दूर, हेच मोजायचं असतं. मी ते सगळं उभ्या, नाचत्या मूर्तींचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. बसलेला म्हणजे समभंग, असं गृहीत धरलं होतं.

काकांना अकरा मूर्तींचा तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. "माका काय म्हायत? तो तसो बसता." मग जरा वेळाने, पखवाजाकडे बोट करून : "हेचा एक तोंड कणकेचा, एक शाईचा. दोनय सारखी केलंस तर वाजतला काय?"

हे ऐकून मी गप्प बसले खरी, पण लिहून ठेवते : उपमा सुंदर असली तरी सहा मिलिमीटर मला तक्त्यानेच सापडले. शिंप्याचं कामही थोडं लागतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तारेने मान कापली. डोकं खाली ठेवलं. धडाला वरून ओल देऊन, लोडाच्या आधाराने हळूहळू उजवीकडे दाबलं. दोनदा फाटलं, भरलं. नवं डोकं उद्यापासून नाही. काका म्हणतात, आधी पाटवाल्यांचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

सतरांपैकी सहा माझ्याकडे. हात जोडणं, कान लावणं, ओल्या कुंचल्याने घासणं. एकेका मूर्तीला इतका वेळ देताच येत नाही की ती आपली वाटावी. कानात काही घालायला हात कोरडे नसतात. कंपास माळ्यावर.

विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेयांना मूर्ती घडवायला शिकवा म्हणतो. ऋषी म्हणतात, आधी चित्र यायला हवं. चित्र शिकव, तर आधी नृत्य. नृत्याआधी वाद्य, वाद्याआधी गाणं. मला ही गोष्ट नेहमी टाळाटाळीची वाटायची, सरकारी खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवल्यासारखी. चौथ्या मूर्तीचा कान लावताना लक्षात आलं की आपण काल रात्रीच्या भजनातला ठेका बोटांनी धरला आहे, आणि कान एका फेरीत बसला. इतकंच. यावरून सिद्धान्त काढत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

माझं डोकं केलं. सकाळी सात ते साडेअकरा. सोंडेचं मूळ दोऱ्यापासून उजवीकडे सहा मिलिमीटर, हे आधी ठरवून. बाकी न मोजता. साडेअकराला मी स्वतःच हात काढला. काका तेव्हा बाजारात होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मुंबईच्या लोकल बंद, टीव्हीवर पाण्यातले रूळ. इथेही तीन दिवस सूर्य नाही. वीज येते-जाते. पडवीत कोळशाच्या दोन शेगड्या, लांब ठेवून. जवळ ठेवल्या तर बाहेरून वाळून आतून ओलं राहतं आणि मग मूर्ती तडकते. खालून पोट पोकळ केलं होतं, ते बरं झालं.

आकसणं मोजलं : १५ इंचांची १४ इंच २ सूत. पण सगळंच त्या प्रमाणात आखडलं, म्हणून ६० अंगुळं ६०च राहिली. अंगुळ लहान झालं. हे मात्र कुणाला तरी सांगावंसं वाटलं. म्हशीला सांगितलं.

सोंडेचं टोक पातळ म्हणून आधी वाळतं, त्याने तीन मिलिमीटर ओढ घेतली. त्यावर ओला फडका, रात्री दोनदा उठून.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

खडूची पूड आणि डिंक, दोन हात. अंगाला शेंदरी लाल, पाठातला 'रक्त' शब्द धरून. पितांबराला पिवळा द्यायचा मोह झाला. तिथेही लालच, जरा काळपट. चमकी नाही. आईने फोनवर विचारलं, थोडी तरी? नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

आखणी.

डोळे शेवटी, हे सगळीकडेच. पण आमच्या पडवीत त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलत नाही आणि ज्याची आखणी चालू त्याच्या मागून कुणी जात नाही. काका आंघोळ करून बसले. सतरा मूर्ती, चौतीस डोळे. त्यांचा हात आता एरवी थरथरतो, चहाचा कप बशीवर वाजतो. आखणीत थरथर दिसत नाही. कुंचला टेकण्याआधी दिसते, टेकल्यावर नाही. श्वास सोडून टेकतात, रेघ संपली की घेतात.

प्रतिष्ठेच्या वेळी भटजी दूर्वांनी तूप लावून डोळे उघडतात. मग आखणी म्हणजे काय? काकांना वाटलं मी वाद घालते आहे. खरंच विचारत होते. पडवीत मूर्ती वेडीवाकडी ठेवलेली, उलटी, आडवी, कुणाच्या डोक्यावर फडका, चालतं. आखणी झाली की काका तिला पाठ करून बसत नाहीत. भटजी दोन दिवसांनी येतात.

आमच्या मूर्तीचे डोळे मी काढले. चौरंग १६ इंच, पूजेला बाबा बसतात, उंची बेताची. नजर जरा खाली. उजवा डोळा एका श्वासात झाला. डाव्याला मधे श्वास घेतला. वरच्या पापणीच्या रेघेत गाठ दिसते. पुसता येत होती. ठेवली, पुसली असती तर परत २ ऑगस्ट झाला असता.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरताळका

संध्याकाळपर्यंत पाट गेले. लोक फडका टाकून डोक्यावरून नेतात, छत्री मूर्तीवर, स्वतः भिजत. खुर्चीवरच्या आजींच्या घरचा गणपती रिक्षातून गेला. पडवी एकदम मोठी वाटली.

२७ ऑगस्ट, बुधवार, चतुर्थी

माटवीला कांगणं, कवंडळं, नारळ, सुपारी, आंब्याचे टाळे. खाली तो.

बाबा पूजेला बसले. मी मागे भिंतीशी, बाबांच्या खांद्यावरून. नजर बाबांवर आहे, बरोबर पडली आहे. गाठ कुणाला दिसली नाही. आत्येने मात्र आल्या आल्या विचारलं, यंदा मान जरा अशी का? आणि स्वतःची मान उजवीकडे करून दाखवली. मग म्हणाली, ऐकतोय वाटतं.

आरतीला काकांनी पखवाज घेतला. मी आरती पूर्ण म्हटली नाही, सोंडेच्या मुळाकडे बघत राहिले. भक्ती म्हणून की तपासणी म्हणून, ते वेगळं करता आलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरींबरोबर विसर्जन, व्हाळावर. पाणी भरपूर होतं, गढूळ. काका आणि चुलतभाऊ कमरेइतक्या पाण्यात गेले. पाटासकट खाली नेला, पाट मोकळा करून वर आणला. पाटावर व्हाळातली मूठभर वाळू, घरी न्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी जाऊन पाहून आले. पाणी जरा उतरलं होतं. लोडाचा ढेकूळ, बांबूची एक कामटी, बाकी तळाची माती कुठली आणि शाडू कुठली ते कळत नव्हतं.

पाट धुऊन, वाळवून माळ्यावर. खडूची खूण तशीच. उरलेली माती, साधारण आठ किलो, ओल्या पोत्यात गुंडाळून काकांच्या पडवीत. तक्ता काकांनी मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

दुपारी उघडीप. गवंडी आला होता. ओळंबा परत केला.